पोरांच्या तोंडी बसेल असं गाणं

पोरी, तुम्ही दोघं नागपुरातच बसून लहान मुलांच्या गाण्यांचं चॅनल काढून राहिले, तेही हलत्या चित्रांसकट, हे तुझ्या आईकडून कळलं तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात आहे. फोनवर अर्ध्या गोष्टी राहून जातात, म्हणून लिहून देते. जन्म गेला माझा बालवाडीतल्या आणि पहिली-दुसरीतल्या पोरांना गाणी शिकवण्यात. चित्र कसं हलवायचं ते तुम्हाला कळतं, मला नाही. पण गाणं पोराच्या गळ्यात कसं उतरतं आणि कशानं दाराशीच अडतं, ते मी फार जवळून पाहिलंय. तेवढंच सांगते.

सगळ्यात आधी एक कसोटी ठरवून टाका. फोन बाजूला ठेवल्यावर पोरगं ते गाणं म्हणतं का? आंघोळ करताना, आजीच्या मांडीवर, शाळेच्या ऑटोत बसल्यावर? म्हणत असेल तर गाणं झालं. म्हणत नसेल, तर कितीही लोकांनी पाहिलं तरी ते नुसतं चित्र झालं. खाली जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

1953 सालच्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातलं ‘नाच रे मोरा’ घे. शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, आवाज आशाबाईंचा. तो चित्रपट आज किती घरांत लागतो? पण गोंदियापासून गोव्यापर्यंतच्या बालवाड्यांत पोरं अजून त्यावर नाचतात. पडद्यावरचं गेलं, गळ्यातलं राहिलं. ‘लकडी की काठी’चंही तेच. गुलजारांचे शब्द, राहुलदेव बर्मनांची चाल, 1983 चा ‘मासूम’. पुढे जिंगलटून्सनं त्यावर हलती चित्रं केली आणि यूट्यूबवर ते अब्जाहून जास्त वेळा पाहिलं गेलं. लोक म्हणतात, चित्रांनी चाललं. चित्रांनी ते लांब गेलं हे खरं, पण यूट्यूब जन्माला यायच्या वीसेक वर्षं आधीपासून पोरं उशीवर घोडा-घोडा करत ते म्हणतच होती. घोड्याची दौड त्याच्या ठेक्यातच आहे. चित्रकाराला ती नव्यानं आणावी लागली नाही.

आता पट्टीचं बोलते, कारण इथेच बहुतेक जण घसरतात. चांगली गाणारी बाई बोलावतात, ती आपल्या सवयीनं काळी चार किंवा काळी पाचला सा धरते, गाणं फार गोड होतं, आणि चार वर्षांच्या पोराला ते गाताच येत नाही. वरचे सूर लागले नाहीत की पोरगं ओरडतं किंवा गप्प बसतं. आई-बापांना वाटतं, आमच्या पोराला सूर नाही. सूर असतो, पट्टी चुकलेली असते. बालवाडीतल्या पोरांचा सुखाचा पल्ला पेटीवर मधल्या सप्तकातल्या पांढरी एक-दोनपासून पांढरी सहापर्यंत, फार तर सातपर्यंत. म्हणून सा पांढरी दोनला किंवा काळी दोनला धरा, आणि चाल सा ते पंचम, आणि सा पांढरी दोनला असेल तर कधीमधी धैवत, एवढ्यात बसवा. तार षड्जाचा मोह आवरा. पाच-सहा सुरांत काय चाल होणार असं वाटेल, पण आपल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या याहून कमी सुरांत पिढ्यान् पिढ्या चालल्या. गायिकेला ही पट्टी खाली वाटेल, आवाज खुलत नाही म्हणेल. तिला आधीच सांगा की बाई, हे तुमच्यासाठी नाही. जमलं तर सात-आठ वर्षांच्या दोन मुलींकडून ध्रुवपद गाऊन घ्या. पोरं पोरांच्या आवाजाला लवकर सूर जुळवतात.

शब्द आधी की चाल आधी? तुमच्या कामात शब्द आधी. एखाद्या इंग्रजी गाण्याच्या तयार चालीवर मराठी शब्द कोंबले की ऱ्हस्वाचं दीर्घ होतं आणि जोर भलत्याच अक्षरावर पडतो. एकच चित्रफीत पाच-सहा भाषांत आवाज बदलून विकायची असेल तर तसंच करावं लागतं, ते मला कळतं. पण तुम्ही मराठीतच करणार आहात, तर मराठीचा फायदा घ्या. आपल्याकडे पादाकुलक आहे. ओळीत सोळा मात्रा, आठ-आठचे दोन तुकडे. केरव्याचं आवर्तन आठ मात्रांचं. म्हणजे अर्धी ओळ म्हणजे एक आवर्तन, आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला सम आपोआप येते. टाळी कुठे द्यायची ते पोराला शिकवावं लागत नाही. झोक्याचं, झोपायचं गाणं असेल तर दादरा. बाकी ताल मोठेपणी.

लय फार संथ ठेवू नका. लहान पोरांची आपली आपली लय मोठ्यांपेक्षा जलद असते. त्यांना टाळ्या वाजवायला लावून बघ, तू धरलेल्या लयीच्या पुढे पळतात. मी मिनिटाला 110 मात्रांच्या आसपास राहत असे. त्याहून जलद गेलं की शब्द चावले जातात.

उच्चारांबाबत मात्र कठोर राहा. ‘चिमणी’तला च वेगळा आणि ‘चोच’मधला वेगळा. ‘जीभ’ आणि ‘जवळ’, ‘झिम्मा’ आणि ‘झाड’, तसंच. हिंदीत वाढलेला गायक किंवा संगणकाचा आवाज हे दोन्ही एकच करून टाकतो, आणि ळ चा ल करतो तो निराळाच. आपल्या शहरात तर घरोघरी दोन-तीन भाषा आहेत. हे आधी मध्य प्रांताच्या आणि मग 1956 पर्यंत मध्य प्रदेशाच्या राजधानीचं गाव, हिंदी-मराठी इथे एकाच ताटात जेवतात, त्यात वाईट काही नाही. पण सीताबर्डीच्या एखाद्या फ्लॅटमधलं तीन वर्षांचं पोरगं दिवसभर हिंदी ऐकत असेल, तर मराठी ळ त्याच्या कानावर पडायची जागा कदाचित तुमचं गाणंच असेल. ती जागा वाया घालवू नका.

आता भुलाबाई. तू लहानपणी आमच्या वाड्यात भुलाबाईला येत होतीस, तुला आठवत असेल. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई, भुलोजी आणि गणोजी यांच्या मूर्ती मांडायच्या, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुलींनी एकमेकींच्या घरी जाऊन गाणी म्हणायची, आणि गाणी संपली की खाऊ ओळखायचा. घरची बाई झाकलेला डबा वाजवून दाखवणार आणि पोरी ओरडणार, चिवडा! लाडू! शेव! हे सगळं विदर्भात, खानदेशात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, आणि लहान मुलांच्या गाण्यांचं याहून चांगलं शास्त्र मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. त्या गाण्यांची घडण नीट बघ. एकात एक गुंफत जातात. पहिल्या ओळीतली शेवटची वस्तू दुसऱ्या ओळीत पहिली होते, त्यामुळे पाठ करावं लागत नाही, ओळच पुढच्या ओळीकडे नेते. प्रश्न आणि उत्तर असतं, त्यामुळे दोन गट पडतात आणि कुणी नुसतं ऐकत बसत नाही. सासर-माहेरची, दागिन्यांची, भाजीपाल्याची नावं बदलून नवी कडवी करता येतात, त्यामुळे गाणं प्रत्येक वाड्याचं आपलं होतं. या तीन गोष्टी तुमच्या प्रत्येक गाण्यात असाव्यात असा माझा आग्रह आहे, मग गाणं भुलाबाईचं असो की मेट्रोचं.

आणि त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे रिकामी जागा. प्रश्न विचारला की एक आख्खं आवर्तन मोकळं सोडा. ठेका चालू राहू दे, गाणं थांबू दे. चित्रातल्या पोरीनं कानाला हात लावून समोर बघावं. 110 च्या लयीत केरव्याचं आवर्तन साडेचार सेकंदांच्या आत संपतं, पण संकलनाला बसलात की ते तुम्हाला तासभराचं वाटेल आणि कापायचा मोह होईल. कापू नका. पोराला प्रश्न कळायला, उत्तर सुचायला आणि तोंडातून काढायला तेवढा वेळ लागतो. बहुतेक चित्रफिती इथेच लगेच उत्तर देऊन टाकतात. पोरगं दोनदा मागे पडलं की बोलायचं सोडून देतं आणि नुसतं बघत राहतं.

डब्याच्या खेळाचं तर एक गाणं कराच. खरा स्टीलचा डबा घ्या, खरा चिवडा, खरे लाडू, खरी शेव, खरे शेंगदाणे. प्रत्येकाचा आवाज निराळा येतो. डब्याचं झाकण बंद ठेवून चित्र दाखवा, आवाज ऐकवा, रिकामी जागा सोडा, मग झाकण उघडा. संगणकातला तयार आवाज वापरलात तर खेळच बुडाला, कारण त्यातला फरक ओळखणं हाच खेळ आहे. आणि मुलींसोबत मुलांनाही बसवा. भुलाबाई मुलींचीच राहिली, त्यामुळे माझ्या वर्गातले पोट्टे खिडकीतून बघत राहायचे. त्यांनाही डबा वाजवायचा असतो.

चित्रांबद्दल शिक्षिकेच्या नजरेनं चार गोष्टी सांगते. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर दोन मिनिटांच्या गाण्याला 2880 होतात, प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकवलं तरी 1440. एवढं काम आहे तर ते कुठे खर्च करायचं ते ठरवा. मी म्हणेन, हातांवर करा. पोरगं चेहऱ्याची नाही, हातांची नक्कल करतं. बोटं स्पष्ट काढा, हालचाल मोठी ठेवा, आणि शब्दाच्या अर्धी मात्रा आधी सुरू करा म्हणजे पोराला गाठता येईल. दोन-अडीच वर्षांच्या पोराला एकेक बोट वेगळं उचलता येत नाही, त्याला टाळी, थापटी, हात वर-खाली एवढंच द्या. बोटांची गाणी चार वर्षांच्या पुढे. आणखी एक, उजवा-डावा. समोर तोंड करून उभी असलेली चित्रातली मुलगी ‘उजवा हात वर’ म्हणत आपला उजवा हात उचलते, पोराला तो त्याच्या डाव्या बाजूला दिसतो, आणि ते डावा उचलतं. चांगला शिक्षक पोरांसमोर उभा राहिला की आरशासारखा वागतो, बोलतो उजवा आणि उचलतो डावा. तुमच्या चित्रकाराला पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवा.

दृश्य भराभर बदलू नका. दर दोन सेकंदांनी नवं चित्र आलं की पोरगं खिळून बसतं, आणि आई-बापांना वाटतं, किती आवडलं. मला ते खिळलेलं पोर बघवत नाही. एक ओळ, एक दृश्य, एक कृती. 1974 मध्ये विजया मुळे आणि भीमसेन यांनी ‘एक अनेक और एकता’ केलं होतं, संगीत वसंत देसायांचं, गायला लहानगी साधना सरगम. साधी चपटी चित्रं, मोजके रंग. दूरदर्शनवर ज्यांनी ते पाहिलं त्यांना आज पन्नाशीतही ते पाठ आहे. ते पुन्हा बघा, आणि प्रत्येक दृश्य किती वेळ टिकतं ते घड्याळ लावून मोजा.

चित्रात काय असावं? आपलं गाव असावं. बर्फाचे डोंगर आणि सोनेरी केसांची पोरं फार झाली. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी चालवली तेव्हा शंख-शिंपले, पानं, बिया, गावची गाणी हेच त्यांचं शिकवायचं सामान होतं. ताराबाईंचा संसार एके काळी आपल्या अमरावतीत होता, तेव्हा या विचाराचा थोडा मान आपल्याकडेही आहे. आता नागपूरच्या पोराचं सामान काय? कूलरची खरखर आणि वाळ्याचा वास. फुटाळ्याची हवा, महाराजबागेतले प्राणी, सेमिनरी हिल्सच्या बालोद्यानातली छोटी आगगाडी वनबाला. आगगाडी काढायची तर मोतीबागेच्या रेल्वे संग्रहालयात जाऊन नॅरोगेजचं इंजिन बघून या, चाकांचे दांडे कसे फिरतात ते काढायला प्रत्यक्ष बघितल्याशिवाय जमणार नाही. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल काढायचा तर चाकं, झूल, मोरकी, शिंगांचे रंग नीट काढा. पोरं त्यात चूक लगेच पकडतात. संत्र्याचं गाणं तर तुम्ही करणारच. तेव्हा फुलं आणि पिकलेली फळं एकाच फांदीवर लावून मोकळे होऊ नका. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळं दिवाळीच्या आगेमागे काढतात. मृगाच्या बहाराची फुलं पावसाळ्याच्या तोंडी, फळं उन्हाळा लागता लागता. काटोल-वरुडकडची पोरंही तुमचं गाणं बघणार आहेत. त्यांच्या घरी बागा आहेत.

सगळी मालिका सणावारांनी आणि देवांनी भरू नका, हे मी भुलाबाईचं इतकं सांगून मुद्दाम म्हणते. गोंड राजा बख्त बुलंद शाहनं वसवलेलं हे गाव. दीक्षाभूमी इथे, मोमिनपुरा इथे, हलबांच्या विणकरी वस्त्या इथे. नळाला पाणी आलं, बस चुकली, कूलरमध्ये पाणी भरलं, दात पडला, अशी गाणी जास्त करा. ती प्रत्येक घरात शिरतात. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त मागणी पडलेल्या दाताच्या गाण्याला असायची.

वाद्यं कमी घ्या. पेटी, ढोलकी, मंजिरी, फार तर बासरी. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून तबल्याचा बायां ऐकूच येत नाही, म्हणून ठेका बायांवर टाकू नका, ढोलकीच्या चाटेवर आणि मंजिरीवर टाका. गाणं तयार झालं की मोठ्या स्पीकरवर ऐकून खूश होऊ नका. सगळ्यात स्वस्त फोनवर, स्वयंपाकघरात, कुकर चालू असताना ऐका. शब्द कळले तर ठीक. ध्वनिमुद्रण एप्रिल-मेमध्ये ठेवूच नका. कूलर-पंखा बंद करावा लागतो, बंद केला की खोलीत बसवत नाही, कोरड्या उन्हानं तबल्याची पुडी ताणून सूर चढतो आणि दर थोड्या वेळानं उतरवत बसावं लागतं. पावसात उलट, पुडी सैल पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्या गावचे गाण्याचे महिने. तेव्हाही पहाटे बसा, रस्ता जागा व्हायच्या आत.

गाणं पक्कं करण्याआधी एखाद्या अंगणवाडीत जाऊन बघा. ताईंची आणि पालकांची परवानगी घ्या, पोरांचे फोटो-व्हिडिओ अजिबात काढू नका. पहिल्या दिवशी फोन नेऊच नका, तू नुसती पेटीवर गा. तिसऱ्या कडव्यापर्यंत पोरं ध्रुवपदाला आली नाहीत तर चालीत खोट आहे, चित्रकाराकडे पाठवू नका. दुसऱ्या खेपेला चित्रं आवाज बंद करून दाखवा, कृती कळते का बघा. मग दोन्ही एकत्र. आणि तेव्हा पोरांच्या डोळ्यांकडे बघू नका, डोळे तर कशालाही चिकटतात. पायांकडे बघा. पाय हलले पाहिजेत. आठ दिवसांनी पुन्हा जा आणि काही न दाखवता विचारा, ते गाणं कुणाला येतं? चेन्नईच्या विनोद चंदर यांनी 2013 मध्ये आपल्या लेकीसाठी एक चित्रफीत केली आणि त्यातून चूचू टीव्ही हे मुलांच्या गाण्यांचं चॅनल उभं राहिलं. तुम्हीही गाणं करताना एखादं ओळखीचं पोर डोळ्यांसमोर ठेवा.

हक्कांचं काम कंटाळवाणं आहे, पण आधी करा. गाण्यात तीन मालकी असतात. शब्दांची वेगळी, चालीची वेगळी, ध्वनिमुद्रणाची वेगळी. आपल्या कायद्यानं कवी किंवा संगीतकार गेल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं त्याचा हक्क चालतो, तो वारसांकडे जातो. गदिमा 1977 मध्ये गेले, म्हणजे 2037 संपेपर्यंत त्यांच्या शब्दांना परवानगी लागेल. कवी मंगेश पाडगावकर 2015 मध्ये गेले, म्हणजे 2075. ‘जुनं गाणं आहे, कोण विचारतं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तक्रार आली की यूट्यूब ती चित्रफीत खाली उतरवतं, आणि तशा तक्रारी वाढल्या तर चॅनलच जातं. आणि तसंही, ज्यानं आपल्या पोरांना गाणं दिलं त्याच्या घरच्यांना विचारणं हे आपलं कर्तव्यच आहे. मोकळं काय आहे? दत्त कवी, रेव्हरंड टिळक, बालकवी, भा. रा. तांबे. तांबे 1941 मध्ये गेले, रवींद्रनाथांच्याच वर्षी. तेव्हा मुदत 50 वर्षांची होती. रवींद्रनाथांचे हक्क संपायला आले म्हणून ती 60 केली गेली, म्हणून तांब्यांची कविताही 2001 संपल्यावर मोकळी झाली. पण त्यांच्या कवितेला नंतर कुणी दिलेली चाल मोकळी नाही, ती तुम्ही नवी करा. भुलाबाईची पारंपरिक गाणी कुणा एकाची नाहीत, तरी कुणाच्या कॅसेटवरून उचलू नका, एखाद्या म्हातारीकडून ऐकून घ्या आणि तिचं नाव तिला विचारून श्रेयात द्या. नव्या कवीला आणि वादकाला पैसे आधी, कागद आधी, चित्र मग.

पैशाचं स्पष्ट सांगते, कारण तुझ्या आईला काळजी आहे. मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केली म्हणून अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला 2019 मध्ये 17 कोटी डॉलर भरावे लागले, आणि 2020 च्या जानेवारीपासून मुलांसाठीच्या चित्रफितींवर तशी खूण करणं बंधनकारक झालं. ती खूण केली की टिप्पण्या बंद होतात, आणि बघणाऱ्याच्या आवडीनुसार लावल्या जाणाऱ्या जाहिराती बंद होतात. जाहिरातीतून येणारा पैसा त्यामुळे कमी. खूण टाळायचा विचार मनात आणू नका. पण कर्ज काढताना हा हिशेब धरा, आणि दोघांपैकी एकानं नोकरी सोडू नये असं मला वाटतं. निदान पहिली दोन वर्षं.

पैसा वाढवायला लोक काय करतात ते तुम्हाला दिसेलच. वीस-वीस गाणी जोडून तासाभराची चित्रफीत करतात, म्हणजे आई कामाला लागली की पोरगं तिच्यासमोर बसून राहतं. ते करू नका, असं मी हात जोडून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या पोरांना पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांना दिवसाला एका तासाच्या वर नको, जितका कमी तितका बरा. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं असंच आहे. मग एकटी तुमची एक चित्रफीतच तो सगळा तास खाऊन टाकणार का? दोन-अडीच मिनिटांचं एक गाणं ठेवा. शेवटी चित्र थांबवा, नुसता ठेका आठ-दहा आवर्तनं चालू द्या आणि सांगा, आता तुम्ही म्हणा, डबा आणा, वाजवा. दोन वर्षांच्या आतल्या पोरांसाठी चित्र करूच नका. त्यांच्यासाठी नुसता आवाज द्या आणि सोबत आईसाठी गाण्याचे शब्द लिहून द्या, म्हणजे ती स्वतः गाईल. तिच्या गळ्यात सूर नसला तरी चालतो, पोराला तिचाच आवाज हवा असतो.

पहिली मालिका भुलाबाईचीच करा, पाच गाण्यांची. भाद्रपद पौर्णिमेपासून उलटं मोजत या. दिवाळीच्या आत गाणी गोळा करून येत्या हिवाळ्यात ध्वनिमुद्रण उरका, उन्हाळाभर चित्रं, पावसाळ्यात अंगणवाडीत तपासणी आणि दुरुस्त्या. पौर्णिमेला पहिलं सोडा आणि दर सात-आठ दिवसांनी एकेक, म्हणजे कोजागिरीला डब्याचं येईल. गाणी सांगणाऱ्या दोन बाया मला माहीत आहेत, एक महाल भागात राहते, एक कामठीला. दोघींचं वय झालंय, तेव्हा गाणी गोळा करायचं काम दिवाळीच्या पुढे ढकलू नका. मी सोबत येते. माझी पेटीही घेऊन जा, आता माझी बोटं फार चालत नाहीत. तिची काळी दोन जरा अडकते, आधी दुरुस्त करून घे, कारण तुमचा सा तिथेच येणार आहे.